पहिला उद्गार मालनबाईंचा

गुड फ्रायडेच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी उपासना आटोपली आणि पाळकसाहेबांनी गुड फ्रायडेच्या वक्त्यांची यादी वाचली. पहिलंच नाव निघालं, मालन राजरत्न साळवे. मालनबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

परळच्या या मराठी मंडळीत आजोबा-पणजोबांपासूनची रीत आहे. क्रुसावर टांगलेला प्रभू सात वेळा बोलला, म्हणून गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन सात जण एकेका उद्गारावर बोलतात. पाळक नव्हे, मंडळीतलीच माणसं. कुणी नर्स, कुणी शिपाई, कुणी रिटायर्ड मास्तर. पहिला उद्गार क्षमेचा. खिळे ठोकणाऱ्यांना माफ कर, आपण काय करतोय ते त्यांना कळत नाही, असं प्रभूनं देवबापाला विनवलं, तो. मालनबाई तीस वर्षं रविवारच्या शब्बाथ शाळेत पोरांना शिकवतायत, पण त्यांच्या वाट्याला दोनदा पाचवा आला होता, तहानेचा, आणि एकदा तिसरा. पहिला कधीच नाही. आणि नेमका यंदाच बरा आला.

"मला काय दूधखुळी समजलात?" वेस्ट्रीत, पाळकांच्या खोलीत, शिरून त्या म्हणाल्या.

पाळकसाहेब तरुण होते, गेल्या जूनमध्येच बदलून आलेले. त्यांनी खुर्ची पुढं केली. "बाई, माफी सगळ्यांसमोर हवी असं तुम्ही पत्रात लिहिलंत, त्याप्रमाणेच सगळं होतंय. पहिल्या उद्गारावर तुम्ही बोला. तुमचं झालं की रघुवीरभाऊ सगळ्या मंडळीसमोर उभे राहून तुमची माफी मागतील. तुम्ही तिथूनच म्हणा, क्षमा केली. म्हणजे ईस्टरला सगळे मिळून प्रभुभोजन घेऊ."

"माफी त्यांना मागू दे. द्यायची की नाही ते माझं मी बघेन."

रघुवीर पाटोळे म्हणजे मंडळीचे सेक्रेटरी, आणि मालनबाईंचे यजमान राजरत्न यांचे लहानपणापासूनचे जिवलग. याच माणसानं आपलं घर बुडवलं, असं मालनबाईंचं वर्षभर म्हणणं होतं, आणि ते त्या कुजबुजत म्हणत नव्हत्या.

बाहेरच्या माणसाला हे समजायचं तर थोडं मागं जायला हवं. राजरत्नांचे आजोबा नगरकडे बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले. वडील मुंबईत गिरणीत लागले. पोराचं नाव शाळेत घालताना मास्तरांनी जात विचारली, तेव्हा त्यांनी गावात होती ती सांगितली. दाखल्यावर पडलं, हिंदू महार. खोटं कुठं होतं ते? ख्रिस्ती झाले म्हणून गावानं काही त्यांना पाटलाच्या विहिरीवर बोलावलं नव्हतं. पण कायदा म्हणतो, ख्रिस्ती झालात, आता राखीव जागा मागायची नाही. बाप्तिस्म्याच्या पाण्यानं जात धुऊन निघत नाही, सवलत तेवढी धुऊन निघते. म्हणून मंडळीतली निम्मी घरं दोन तोंडांनी जगत आलेली. कोण कुठं नोकरीला आहे हे चर्चच्या कुठल्याही छापील कागदावर येऊ द्यायचं नाही, ही इथली न लिहिलेली अकरावी आज्ञा.

राजरत्न एका सरकारी कचेरीत राखीव जागेवर एकतीस वर्षं होते. मग कुणीतरी निनावी अर्ज केला, हा माणूस ख्रिस्ती आहे म्हणून. चौकशीचे साहेब रघुवीरांकडे आले, कारण बाप्तिस्म्याचं रजिस्टर सेक्रेटरीकडे असतं. आणि रघुवीर म्हणाले, हो, राजरत्न साळवे आमच्या मंडळीचे सभासद आहेत. रिटायर व्हायला दोन वर्षं उरली असताना नोकरी गेली. अपील फेटाळलं गेलं. एकेकाळचे वरिष्ठ लिपिक आता लालबागच्या एका औषधवाल्याच्या गोडाऊनमध्ये खोके उघडून माल तपासतात.

एक 'नाही' म्हणायला काय झालं होतं? मालनबाईंच्या डोक्यात हा एकच प्रश्न वर्षभर घुमत होता. शिष्य असून पेत्रानं स्वतःचं कातडं वाचवायला प्रभूला तीनदा नाकारलं. या माणसाला मित्राचं घर वाचवायला एकदा नाही म्हणता आलं नाही. आणि पेत्र निदान नंतर रडला तरी.

प्रभुभोजनाच्या वेळी द्राक्षरसाच्या इवल्या पेल्यांचा ट्रे पंच मंडळी फिरवतात. रघुवीर त्यांतले एक. मालनबाईंनी वर्षभरात त्या ट्रेतला एक पेला उचलला नाही. आला की तशीच मान वळवून पुढं सरकवायच्या. त्यांचं बघून आणखी चार बायकांनी सुरू केलं. मग भेटल्यावर त्यांना सलाम करणं बंद झालं. रघुवीर गायनवृंदातून उठले आणि पुरुषांच्या बाजूला अगदी शेवटच्या बाकावर जाऊन बसू लागले. त्या बाकावर दुसरं कुणी बसेना. नवऱ्याला तर मालनबाईंनी शपथच घातली होती, पुन्हा त्या माणसाशी बोललात तर बघा.

काळाचौकीला त्यांच्या खोलीत टीव्हीच्या वर एक फ्रेम आहे. चार वर्षांपूर्वी मंडळीची शताब्दी झाली, त्या स्मरणिकेतलं पान. राजरत्न गायनवृंदाच्या पांढऱ्या झग्यात हसतायत. शेजारी रघुवीरही होते, पण नोकरी गेली त्याच आठवड्यात मालनबाईंनी ते पान फ्रेमवाल्याकडे नेलं आणि काळ्या कागदानं त्यांना झाकून टाकलं. राजरत्नांच्या खांद्यावरची रघुवीरांची चार बोटं मात्र राहिली. ती झाकायची तर नवऱ्याचा खांदा जात होता. दर शनिवारी ओल्या फडक्यानं काच पुसताना त्या बोटांवर मालनबाईंचा हात जरा जोरातच फिरायचा.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारी, त्या चिंचपोकळीला रघुवीरांच्या चाळीत गेल्या. हातात एक कागद होता. माफी कशी मागायची ते या माणसाच्या अकलेवर सोडण्यात अर्थ नव्हता, म्हणून मजकूर त्यांनी स्वतःच लिहून आणला होता.

"सलाम वहिनी, बसा," रघुवीर म्हणाले. लुंगी सावरत त्यांनी खुर्चीवरचे कपडे उचलले. खाटेवर त्यांची आई, सुंदराबाई, भिंतीला टेकून लसूण सोलत होती. सत्त्याऐंशी वर्षांची म्हातारी. एका डोळ्यानं दिसत नव्हतं, दुसऱ्यानं सगळं दिसत होतं.

"बसायला आले नाही. हे उद्या वाचायचं. जसंच्या तसं."

रघुवीरांनी चष्मा लावला आणि हळू आवाजात वाचलं. "मी, रघुवीर पाटोळे, माझ्या भित्रेपणामुळे आणि मित्राच्या बढतीच्या पोटदुखीमुळे त्याचा विश्वासघात केला..." ते थांबले. "वहिनी, पोटदुखी राहू द्यायची का?"

"राहू दे."

"बरं." त्यांनी कागदाची नीट घडी केली. "नंतर मी पंचपदाचा राजीनामा देतो. लेक कल्याणला बोलावतेय, तिकडच्या मंडळीत नाव घालीन. पाळकसाहेबांना सांगितलंय."

या गरीब गाईच्या सोंगानंच मालनबाई जास्त पेटल्या. भांडायला आलेल्या माणसाला समोरच्यानं हो हो म्हणावं यासारखा अपमान नाही. "जा की. कल्याणला जा, नाहीतर कर्जतला जा. पण एक सांगा, त्या दिवशी तुमच्या जिभेला काय लकवा भरला होता? एक 'नाही' म्हणवलं नाही?"

लसणाची पाकळी ताटलीत पडल्याचा आवाज आला.

"म्हनला व्हता," सुंदराबाई म्हणाल्या.

"आई, गप बस."

"सत्त्याऐंशी वर्सं गपच हाय. आता न्हाई बसायची. पोटदुखी म्हनती, माज्या लेकाला, माज्या घरात यून." म्हातारीनं ताटली बाजूला ढकलली. "ऐक गं मालन. त्यो साहेब हितंच आला व्हता, तू हुबी हायेस तितं. पैल्यांदी ह्यो म्हनला, असला मानूस आमच्यात न्हाई. मग त्यो म्हनला रजिस्टर दावा, तर ह्यो म्हनला वाळवीनं खाल्लं. रजिस्टर कुटं व्हतं ठावं हाय? ह्या ट्रंकेत. आन मी ट्रंकेवर बसल्याली, पाय दुकत्यात म्हनून. दोन खेप खोटं बोलला, तेबी उपासाच्या दिसांत. मग त्या साहेबानं ह्यो कागद काडला."

उशाखालचं जाड बायबल उघडून सुंदराबाईंनी आतून एक झेरॉक्स ओढली आणि पुढं धरली. रघुवीर हात पुढं करेपर्यंत ती मालनबाईंच्या हातात होती.

पान अठ्ठेचाळीस. गायनवृंदाचा फोटो, काळा कागद न लावलेला. पांढऱ्या झग्यात राजरत्न, आणि त्यांच्या खांद्यावर हात टाकून, सगळे दात दाखवत हसणारे रघुवीर. खाली ठळक अक्षरात छापलेलं, मंडळीचे विश्वासू सभासद श्री. राजरत्न साळवे यांची वरिष्ठ लिपिकपदी बढती झाली त्याबद्दल देवाचे उपकार. त्याखाली कचेरीचं पूर्ण नाव. त्याखाली, शुभेच्छुक: सौ. मालन. कोपऱ्यात चौकशीचा गोल शिक्का.

मालनबाई उभ्याच होत्या. वर्षभर हे पान टीव्हीच्या वर होतं. दर शनिवारी त्या पुसत होत्या. माणूस दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधून काढतो आणि स्वतःचं पान भिंतीवर टांगून वाचत नाही.

"साहेबानं बोट ठेवलं," रघुवीर खाली बघत म्हणाले. "विचारलं, हा शेजारी कोण? तो तर मीच. त्याच्या खांद्यावर हात टाकून उभा, दात काढून. आता तिसऱ्यांदा कसं म्हणू, ओळखत नाही? नाही म्हणवलं गेलं, वहिनी. तेवढं मात्र खरंय."

आणि मग मालनबाईंना ते आठवलं. खरं म्हणजे विसरल्याच कुठं होत्या. स्मरणिकेचं काम रघुवीरांकडे होतं. या पानाच्या प्रुफावर त्यांनी कचेरीच्या नावावर लाल रेघ मारून ते काढलं होतं. म्हणाले होते, वहिनी, बढतीचं छापू, पण कचेरीचं नाव नको, उगाच विषाची परीक्षा. मालनबाईंना तेव्हा वाटलं, जळतो मेला, याला कुठं बढती मिळाली. इतकी वर्षं नवऱ्याचं ऑफिस लपवून लपवून त्यांना वीट आला होता. एकदा तरी चारचौघांत दिसू दे, माझा माणूस कुठल्या खुर्चीवर बसतो. त्या स्वतः लालबागच्या छापखान्यात गेल्या आणि म्हणाल्या, ते नाव परत घाला, सेक्रेटरींनीच सांगितलंय.

सेक्रेटरींनीच सांगितलंय. हे शब्द त्यांच्या तोंडचे होते.

"मग वर्षभर तोंड शिवून का बसलात?" मालनबाई ओरडल्याच. "माझ्या तोंडावर का नाही फेकलात हे?"

"राजा नको म्हणाला."

"म्हणजे ह्यांना ठाऊक आहे?"

"नोटिशीला जोडलं होतं ना."

"जा आता," सुंदराबाई म्हणाल्या आणि पुन्हा लसणाची ताटली ओढली. "घरी जाऊन मानसासंगं भांड. हितं भांडून झालं."

राजरत्न सात वाजता गोडाऊनमधून आले तेव्हा कपाटावरची फाईल खाली उतरवलेली होती आणि जमिनीवर कागद पसरले होते. मालनबाई मधोमध बसल्या होत्या. राजरत्नांनी चपला काढल्या, कागदांकडे बघितलं आणि त्यांना कळलं.

"ही फाईल वर्षभर कपाटावर होती," ते म्हणाले. "कुलूप नव्हतं. तू एकदाही बघायला मागितली नाहीस."

"मला सांगायला काय धाड भरली होती?"

"सांगितलं असतं तर तू स्वतःला खाऊन टाकलं असतंस, मालन. मी ओळखतो ना तुला. रघू म्हणाला, वहिनीला माझ्यावर रागवू दे. तिला कुणावर तरी रागवल्याशिवाय जमायचं नाही, आणि माझी पाठ रुंद आहे."

"कधी म्हणाला हे? बोलायचं नाही म्हणून शपथ घातली होती ना मी?"

राजरत्न पाण्याचा तांब्या तोंडाला लावून जरा जास्तच वेळ पीत राहिले. मग म्हणाले, "शनिवारी भेटतो आम्ही. नाक्यावरच्या चहावाल्याकडे. दर शनिवारी."

दर शनिवारी. म्हणजे त्या इथं काचेवरची बोटं खसाखसा पुसायच्या आणि तो माणूस तिकडं त्याच खांद्यावर हात टाकून चहा प्यायचा. मालनबाईंनी हातातले कागद जमिनीवर आपटले. त्यांना लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा मोठा राग येत होता. नुसती चोरी पकडली गेली असती तर त्यांनी ती कशीतरी झेलली असती. पण हे दोन बाप्ये वर्षभर आपल्याला आजाऱ्यासारखं सांभाळत होते, आणि आपण मंडळीभर तलवार घेऊन हिंडत होतो.

"म्हणजे मला न विचारता तुम्ही दोघांनी मला माफ करून टाकलंत?"

"विचारून कोण करतं?" राजरत्न म्हणाले आणि खाली बसून कागद गोळा करायला लागले.

शुक्रवारी चर्च भरलं होतं. डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, जुन्या रिवाजाप्रमाणे. बहुतेक सगळे पांढऱ्या कपड्यांत. वेदीवर काळं कापड. पंखे फिरत होते आणि उकाडा हलत नव्हता. शेवटच्या बाकावर रघुवीर एकटे बसले होते. त्यांच्या शर्टाच्या खिशातून घडी केलेल्या कागदाचं टोक दिसत होतं. मालनबाईंनी ते आत येतानाच बघितलं. आपण गप्प राहिलो तर हा माणूस उठेल, पोटदुखीसकट सगळं वाचेल, आणि कल्याणला निघून जाईल. याच्याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

व्यासपीठावर त्यांनी आपल्या भाषणाची चार पानं ठेवली. चांगली पानं होती. विश्वासघातावर तीन आणि क्षमेवर एक. त्यांनी ती उलटी करून ठेवली.

"पहिला उद्गार," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज शब्बाथ शाळेतल्या दंगेखोर पोराला उभं करताना लागतो तसाच लागला. "प्रभू म्हणाला, काय करतात ते त्यांना कळत नाही, म्हणून माफ कर. म्हणजे हा उद्गार ज्यांना कळत नव्हतं त्यांच्यासाठी आहे. माझ्यासाठी नाही. मला कळत होतं."

पाळकसाहेबांनी मान वर केली.

"आमच्या ह्यांची नोकरी कशी गेली ते तुम्ही वर्षभर माझ्याकडून ऐकलंत. ते खोटं होतं. स्मरणिकेचं पान अठ्ठेचाळीस. घरी असेल तर काढून बघा. कचेरीचं नाव मी छापलं. रघुभावोजींनी नको म्हणून सांगितलं होतं, लाल रेघ मारून सांगितलं होतं. मी छापखान्यात जाऊन त्यांच्याच नावानं खोटं बोलून ते परत घातलं. मिरवायचं होतं मला. चौकशीवाल्यांच्या हातात तेच पान होतं."

बायकांच्या बाजूला कुजबुज उठली. ही अकरावी आज्ञा होती आणि मालनबाई ती व्यासपीठावरून मोडत होत्या. मागं बाक करकरला. रघुवीर अर्धवट उभे राहिले होते आणि खिशातून कागद काढत होते, जणू अजूनही वेळेत वाचला तर काहीतरी झाकता येईल.

"भावोजी, तो कागद खिशात ठेवा," मालनबाई म्हणाल्या. "तो मी लिहिलाय आणि तो खोटा आहे. खाली बसा."

ते बसले.

"तुम्ही सगळ्यांनी माझं ऐकून या माणसाचा सलाम घेणं सोडलंत. त्यांनी एकदाही तोंड उघडलं नाही, माझं नाव निघू नये म्हणून. तुम्हाला वाटत असेल, आता मी रडेन. मला रडू येत नाहीये. मला संताप आलाय. मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, माफ करू नका, मी त्या लायकीची नाही. पण विचारलंच नाही कुणी. माझ्या पाठीमागं करून टाकलं. आता मी काय करायचं?" त्यांचा श्वास वर चढला होता. "क्षमा देणं सोपं असेल, मला माहीत नाही, मी कधी दिली नाही. घेणं फार अवघड आहे. एवढंच मला पहिल्या उद्गाराबद्दल सांगायचंय. भावोजी, मला माफ करा. केलीच आहे म्हणतात, पण मी मागितलेली नव्हती. आता मागतेय."

आमेन म्हणायचं त्या विसरल्या. चार पानं तिथंच राहिली.

त्या खाली उतरल्या. बायकांच्या बाजूला, दुसऱ्या रांगेत त्यांची तीस वर्षांची जागा होती, तिथं त्यांची पर्स ठेवलेली होती. त्यांनी पर्स उचलली आणि मधल्या वाटेनं सरळ मागं चालत गेल्या. गायनवृंदातून राजरत्न बघत होते. सगळी मंडळी वळून बघत होती. शेवटच्या बाकाशी पोचून मालनबाई पुरुषांच्या बाजूला वळल्या.

बाकाच्या बरोबर मध्ये रघुवीर गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. त्यांचे डोळे भरून आले होते. मालनबाईंना ते बघवेना, म्हणून त्या आणखीच चिडल्या.

"सरका," त्या म्हणाल्या.

रघुवीर भिंतीकडे सरकले. मालनबाई बसल्या, पदर खांद्यावर घेतला आणि पर्स दोघांच्या मध्ये आपटल्यासारखी ठेवली. दुसऱ्या उद्गाराला उभे राहिलेले मास्तर हातातला कागद धरून तसेच थांबले होते.

"बघता काय," मालनबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "चालू द्या."